आंतरराष्ट्रीय करार, संसद आणि आपले बियाणे

डंकेल प्रस्तावावरून गावोगावी झडलेले वाद निफाड-दिंडोरीकडील जुन्या बागायतदारांना आठवत असतील. १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेश येथे भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही केली व १ जानेवारी १९९५ पासून तो लागू झाला. त्यासाठी संसदेत मतदान घ्यावे लागले नाही. परराष्ट्रांशी करार करणे हा केंद्र सूचीतील विषय असून घटनेच्या कलम ७३ नुसार तो अधिकार सरकार वापरते. अमेरिकेत तहाला सिनेटची दोन-तृतीयांश संमती लागते. आपल्याकडे तशी तरतूद नाही. शेती हा राज्यांचा विषय, तरीही करार अमलात आणण्यासाठी कलम २५३ खाली संसद त्यावर कायदा करू शकते.

मग संसदेचा लगाम कोठे? करारासाठी देशातील कायदा बदलायचा असेल तर संसदेकडे जावेच लागते. पेटंट कायद्यातील बदलासाठी सरकारने १९९४ च्या अखेरीस अध्यादेश काढला. विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत अडकले व १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळले. पुढे अमेरिकेच्या तक्रारीवर १९९७ मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध गेला आणि १९९९ मध्ये दुरुस्ती करावी लागली. म्हणजे सही आधी झालेली असली की नंतर संसदेचा हात बराच बांधला जातो.

बियाण्याच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. पिकांच्या वाणांना संरक्षण द्या, एवढीच कराराची अट होती. ते पेटंटने द्यावे की स्वतंत्र पद्धतीने, हे देशावर सोडले होते. १९९९ चे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीने शेतकऱ्यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण त्यात घातले आणि २००१ चा कायदा झाला. त्याच्या कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचे बियाणेही शेतकऱ्याला राखून ठेवता, पुन्हा पेरता, शेजाऱ्याला देता व विकताही येते. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. युपोव्ह या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९९१ च्या मसुद्यात एवढी मोकळीक नाही. भारत त्याचा सदस्य नाही.

द्राक्षासारख्या वेलवर्गीय वाणांना या कायद्याने १८ वर्षे संरक्षण मिळते. परदेशी वाण लावताना कंपनीशी होणारा लेखी करार ही निराळी बाब आहे. रोपांची संख्या, छाट काड्या देण्यास मनाई, माल कोणास विकावा या अटी सहीपूर्वी जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. स्वतः निवडपद्धतीने जोपासलेले कांद्याचे वाण असल्यास शेतकऱ्याचे वाण म्हणून नोंदणीसाठी दिल्लीच्या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.