भांगेचा दुसरा ग्लास का घात करतो?

महाशिवरात्र आणि धुळवड आली की थंडाईसोबत भांगेचीही चर्चा होते. 'एक ग्लास प्यायलो, काहीच झालं नाही, म्हणून दुसरा घेतला, मग दोन्ही एकदम चढले' हा किस्सा दरवर्षी कुठे ना कुठे ऐकू येतो. असे का होते, ते समजून घेऊ.

भांग, गांजा, चरस यांत फरक काय?
झाड एकच. पाने वाटली की भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी. साधारणपणे तो पानांत कमी, फुलोऱ्यात जास्त आणि राळेत सर्वाधिक असतो. 1985 च्या एनडीपीएस कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याशिवायची नुसती पाने येत नाहीत. पण कायद्यातला हा फरक म्हणजे भांग निर्धोक असल्याची पावती नव्हे.

ओढल्यावर लगेच, प्यायल्यावर उशिरा का?
धुरातले टीएचसी फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोहोचते. अर्ध्या तासात नशा टोकाला जाते आणि साधारण 2 ते 4 तासांत उतरू लागते.
प्यायलेली भांग आधी पोटात, आतड्यात आणि मग यकृतात जाते. त्यामुळे असर दिसायला 30 मिनिटे ते 2 तास लागतात. पोट भरलेले असेल तर आणखी उशीर. नशेचे टोक 2 ते 4 तासांनी येते आणि ती 6 ते 8 तास, कधी त्याहून जास्त टिकते. शिवाय यकृतात टीएचसीपासून 11-हायड्रॉक्सी-टीएचसी तयार होते. तेही नशा आणते आणि प्यायल्यावर त्याचे प्रमाण ओढण्यापेक्षा बरेच जास्त असते.
म्हणजे दुसरा ग्लास हातात घेतला जातो, तेव्हा पहिल्याचे काम सुरूही झालेले नसते.

मात्रा कशी कळणार?
कॅनडात अशा खाद्यपदार्थाच्या एका पाकिटात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. घरी घोटलेल्या गोळीवर असे लेबल नसते. पाने कोणती, त्यात फुलोरा आहे का, गोळी केवढी, यावर सगळे अवलंबून. गाळ तळाशी बसला तर शेवटचा ग्लास जास्त कडक होतो.

गाडी चालवता येईल का?
नाही. समजा, कुणी घृष्णेश्वराच्या दर्शनाला दुचाकीवर निघाला. शहरातून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर. निघताना तो ठणठणीत असेल, पण नशा दौलताबादच्या घाटात चढू शकते. अमली पदार्थाच्या अंमलाखाली वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्यानेही गुन्हा आहे.

जास्त झाली तर काय करावे?
छातीत धडधड, घबराट, संशय, भास, उलट्या ही लक्षणे. माणसाला शांत जागी बसवा, एकटे सोडू नका. लिंबू किंवा लोणचे चाटवून रक्तातले टीएचसी उतरत नाही. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काही घातले तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्याला कुशीवर झोपवा. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा लहान मुलाच्या पोटात भांग गेली असेल, तर वाट न पाहता 108 ला फोन करा किंवा घाटी रुग्णालय गाठा. काय आणि किती घेतले, ते डॉक्टरांपासून लपवू नका.