रोमची गादी आणि तिचे वारस

मुळशीच्या उत्तरेस मावळात, कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानांचे ब्राह्मी लेख आजही वाचता येतात. सातवाहनकाळी कोकणातून सह्याद्रीचे घाट चढून जो पाश्चात्त्य व्यापार देशावर येई, त्याच्यामागे रोमची सत्ता उभी होती. त्या व्यापाराची सर्वांत देखणी खूण म्हणजे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली, ओंजळीत मावेल एवढी पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती.

परंपरेने इ. स. पू. ५०९ मध्ये राजेशाही मोडून रोममध्ये गणराज्य आले आणि इ. स. पू. २७ मध्ये ऑगस्टसने साम्राज्य स्थापिले, हे सर्वश्रुत आहे, परंतु इ. स. ४७६ मध्ये रोम संपले, हा समज मला उतावळेपणाचा वाटतो. त्या वर्षी ओडोएसरने पश्चिमेच्या बालसम्राटास पदच्युत केले खरे, तथापि राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला रवाना करून त्याने पूर्वेच्या बादशहाचे आधिपत्य नावापुरते का होईना मान्य केले. साताऱ्याच्या गादीकडून वस्त्रे घेऊन पुण्याहून दौलत चालविणारे पेशवे ज्याला ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकास ही व्यवस्था चमत्कारिक वाटू नये.

स्पेनमध्ये व्हिसिगॉथ, आफ्रिकेत व्हँडाल, गॉलमध्ये फ्रँक अशी राज्ये उभी राहिली. फ्रँकांच्या शार्लमेनला पोपने ८०० मध्ये सम्राटपदाचा मुकुट घातला. पूर्वेचे ग्रीकभाषी लोक मात्र १४५३ पर्यंत स्वतःस रोमनच म्हणवीत राहिले, आणि कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या सुलतान मेहमदानेही ‘कैसर-इ-रूम’ हा किताब धारण केला.