आभाळातली नांगरट

शंभर मीटर. तीसेक मजली इमारतीच्या गच्चीएवढी उंची. तिथे एक ड्रोन थांबवा, पोटाखालचा कॅमेरा सरळ जमिनीकडे वळवा आणि एकच फोटो काढा. कॅमेरा फार भारी नको. सर्वेक्षणात सर्रास वापरतात तसला, एक इंची सेन्सरचा, वीस मेगापिक्सेलचा पुरे. त्या एका फोटोत दीडशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद जमीन मावते. जवळजवळ पावणेचार एकर! आणि फोटोत पिक्सेल किती? दोन कोटी. दर सेकंदाला एक या वेगाने न झोपता, न जेवता ते मोजायला बसलात, तर २३१ दिवस लागतील. फोटो निघाला मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागात.

यातला एक पिक्सेल जमिनीवर पावणेतीन सेंटिमीटरची जागा दाखवतो. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास बरोबर तेवढाच, २७ मिलिमीटर. मग पिक्सेलागणिक एक नाणं मांडू या. पावणेचार एकरांवर दोन कोटी नाणी, म्हणजे वीस कोटी रुपये, आणि हा झाला फक्त पहिला फोटो.

आता ड्रोन पुढे न्यायचा. किती पुढे? शंभर मीटर नेला की दुसरा फोटो पहिल्याला खेटून बसेल, काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण असं केलं तर हाती सुंदर फोटो येतील आणि नकाशा येणार नाही. खोली कळायला आपल्याला दोन डोळे लागतात. तसंच घराची, झाडाची, बांधाची उंची काढायला संगणकाला तीच जागा वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहावी लागते. म्हणून फोटो एकमेकांवर चढवायचे. ड्रोनच्या कामात पुढच्या दिशेने ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के ओव्हरलॅप ठेवणं ही नेहमीची पद्धत. म्हणजे पुढचा फोटो फक्त २० मीटरवर, आणि शेजारचा पट्टा फक्त ४५ मीटरवर. शेतात नांगर एक तास संपवून वळतो आणि शेजारून परत येतो, तसा ड्रोन आभाळात तासामागून तास घालत राहतो.

याचा हिशेब ऐका. पावणेचार एकरांच्या फोटोत नवी जमीन किती? ९०० चौरस मीटर, जेमतेम नऊ गुंठे! बाकी सगळं आधी टिपलेलं, पुन्हा टिपलेलं. अंगणातलं एक तुळशीवृंदावन सोळा-सतरा फोटोंत येतं, दर वेळी निराळ्या कोनातून. उड्डाणाचं नियोजन करणाऱ्याचं खरं कौशल्य या पुनरावृत्तीत आहे. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत देखणी गोष्टही हीच.

एक चौरस किलोमीटर घ्या. या टोकापासून त्या टोकाला माणूस बारा मिनिटांत चालत जाईल. ड्रोनला तिथे २२ किलोमीटर उडावं लागतं. चर्चगेट ते अंधेरी! फोटो ११११. नाणी मांडाल तर २२ हजार कोटी रुपयांची, एका चौरस किलोमीटरवर. सेकंदाला दहा मीटर वेगाने दर दोन सेकंदांनी एक फोटो, आणि वीस मिनिटं उडाल्यावर, म्हणजे १२ किलोमीटर झाल्यावर, बॅटरी बदलायला खाली.

बॅटरीचा प्रश्न आला की दिशेचा येतो. जमीन दोन किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद आहे असं धरा. लांबीच्या दिशेने रेघा आखल्या तर बारा रेघा आणि अकरा वळणं. तेच रुंदीच्या दिशेने आखल्या तर पंचेचाळीस रेघा आणि चव्वेचाळीस वळणं. एका वळणाला दहा सेकंद धरले तर साडेपाच मिनिटं नुसती जादा वळणांत गेली. बॅटरीचा पाव भाग गेला आणि फोटो एकही वाढला नाही! स्क्रीनवर रेघांची दिशा नव्वद अंशांनी फिरवायला मात्र बोट एकदाच सरकवावं लागतं.

आणि सह्याद्रीत? तिथे तर अंगावर काटा येतो. ड्रोन उडाल्या जागेपासून शंभर मीटर उंची धरून निघाला आणि खालची जमीन पन्नास मीटर चढली. झालं, कॅमेऱ्यात मावणारी जागा दोन्ही बाजूंनी निम्मी झाली. ८० टक्क्यांचा ओव्हरलॅप ६० वर येतो, ७० चा ४० वर. जमीन ऐंशी मीटर चढली तर फोटोची रुंदी उरते तीस मीटर, आणि रेघा तर पंचेचाळीस मीटरवर आहेत. दोन पट्ट्यांमध्ये पंधरा मीटरची फट पडते. त्या फटीत एखादं अख्खं घर, गोठा आणि परसातली विहीर नकाशातून बेपत्ता होईल! म्हणून डोंगराळ भागात आधी जमिनीच्या उंचीचा आराखडा घेतात आणि ड्रोनला चढ-उताराबरोबर चढवत, उतरवत नेतात.

अशी ड्रोन मोजणी खरोखर झाली, आणि तिच्यातलं एक सुरुवातीचं पान आपल्याकडचं आहे. पुरंदर तालुक्यातलं सोनोरी, मल्हारगडाच्या पायथ्याचं गाव. गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा पथदर्शी प्रयोग इथे झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. काम भारतीय सर्वेक्षण विभागाचं, म्हणजे १७६७ साली स्थापन झालेल्या संस्थेचं. ड्रोन उडण्याआधी गावकऱ्यांसमोर प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. पायाला पांढरी लागणारी, पावसाने धुऊन जाणारी ती रेघ ड्रोनला शंभर मीटरवरून दिसते, आणि तिच्यावरून घराची मिळकत पत्रिका तयार होते. कित्येक कुटुंबांच्या हाती स्वतःच्या घराचा असा कागद पहिल्यांदाच आला. १८ जानेवारी २०२५ या एका दिवशी देशात ६५ लाखांहून अधिक पत्रिका वाटल्या गेल्या!

तोवर तीन लाखांहून अधिक गावांवर ड्रोन फिरून झाले होते. आपला हिशेब तिथे लावून पाहू. प्रत्येक गावठाण सरासरी वीस हेक्टरचं धरा. एका गावाला २२२ फोटो आणि साडेचार किलोमीटरच्या आतबाहेर उड्डाण. यात काय मोठंसं? आता तीन लाखांनी गुणा. साडेसहा कोटींहून जास्त फोटो, सव्वातेरा लाख किलोमीटर. चंद्रावर जा, परत या, पुन्हा चंद्रावर जा, आणि परतीची जवळजवळ निम्मी वाट कापा, तेवढं अंतर.

या फोटोंना जमिनीवर अचूक बसवण्यासाठी उपग्रहांची मदत लागते. जीपीएसचे उपग्रह आहेत २०,२०० किलोमीटर उंचीवर. जमिनीवरच्या संदर्भ केंद्रांशी ताळा करून त्यांच्यावरून जागा ठरते ती दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत. वीस हजार किलोमीटरमागे दोन सेंटिमीटर, म्हणजे शंभर कोटींत एक! याच प्रमाणात मुंबई ते पुणे हे दीडशे किलोमीटर मोजले तर चूक किती व्हावी? ०.१५ मिलिमीटर. वहीच्या दीड पानाच्या जाडीइतकी.

आता गावठाण सोडू आणि सगळा महाराष्ट्र घेऊ. ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. विमानातून फिल्मवर फोटो काढायचे त्या काळातला २३ सेंटिमीटरचा चौकोनी निगेटिव्ह, १५२ मिलिमीटरचं भिंग आणि दीड किलोमीटरहून किंचित जास्त उंची घेतली, तर ६० आणि ३० टक्के ओव्हरलॅपने दोन लाखांच्या वर फोटो लागतात आणि उड्डाण होतं एक लाख ९१ हजार किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या १,२७४ खेपा. छाती दडपते ना? आता आपला ड्रोन सोडा. फोटो ३४ कोटी. बॅटऱ्या पावणेसहा लाख. उड्डाण ६८ लाख किलोमीटर, मुंबई-पुण्याच्या पंचेचाळीस हजारांहून जास्त खेपा! मुंबई-पुण्याची डेक्कन क्वीन रेल्वेमार्गाने रोज १९२ किलोमीटर जाते आणि तेवढीच परत येते. तिला एवढं अंतर कापायला ४९ वर्षं लागतील. एकटा ड्रोन रात्रंदिवस न थांबता उडाला तर पावणेबावीस वर्षं. आणि ती दहा रुपयांची नाणी? २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटी माणसांना वाटा. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाच्या ओंजळीत साठ कोटी रुपये!

अजून एक पाऊल. अख्खा भारत, ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर. फोटो ३६५ कोटी. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट काढून एकमेकींना लावत गेलात तर रांग चंद्राच्याही पलीकडे जाते. त्याच प्रिंट रचून विहिरींत भरल्या, सहा मीटर व्यासाच्या आणि बारा मीटर खोल, तर चाळीस विहिरी काठोकाठ भरतात. उड्डाण सात कोटी ३० लाख किलोमीटर. हे अंतर आज पुरं व्हायचं असेल, तर डेक्कन क्वीन बाबर हिंदुस्थानात येण्याच्याही वीसेक वर्षं आधी सुटायला हवी होती!

आणि सात कोटी ३० लाख किलोमीटर सरळ रेषेत सूर्याकडे गेलो तर? शुक्राची कक्षा मागे पडते, बुधाची पुढे दिसू लागते. सूर्य आहे सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर. जवळजवळ निम्मी वाट सरली.

आता नियोजनाच्या स्क्रीनवर एकच आकडा बदला. उंची शंभरऐवजी पन्नास मीटर. फोटोची रुंदी निम्मी, म्हणून रेघांमधलं अंतर निम्मं, म्हणून उड्डाण दुप्पट. फोटो चौपट, म्हणजे १४६१ कोटी, पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे एक देऊनही उरतील इतके. आणि अंतर? १४ कोटी ६१ लाख किलोमीटर! पस्तीस लाख किलोमीटर कमी पडतायत. मग ड्रोन आणखी थोडा खाली घ्या, पन्नासवरून सव्वा मीटर, लहान मुलाच्या उंचीएवढाच. पोचलो सूर्यावर!