कॉलेजच्या नोट्ससाठी टॅबलेट घ्यायचाय? आधी पेन बघा, मग टॅब

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की नाशिकच्या एमजी रोडवरच्या मोबाइल दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते: "नोट्स लिहायला टॅब दाखवा." मग रॅम, कॅमेरा, बॅटरी, स्पीकर यांची यादी सुरू होते. पेनाचा विषय निघतो तो शेवटी, बिल करताना. "पेन वेगळं घ्यावं लागेल" किंवा "यावर कुठलंही पेन चालतं" असं सांगितलं जातं आणि खरेदी उरकते.

गडबड इथेच होते. वर्गात लिहिताना शब्द मागे पडतात, तळहात टेकला की पानावर रेघा उमटतात आणि महिन्याभरात विद्यार्थी पुन्हा वहीकडे वळतो. तीस-चाळीस हजारांचा टॅब उरतो तो व्हिडिओ बघायला. निफाड, सिन्नर, दिंडोरीहून एसटीने शहरात शिकायला येणाऱ्या मुलांच्या घरी ही रक्कम छोटी नसते. अनेकदा ती हप्त्यांवर फेडायची असते. म्हणून हा निर्णय नीट समजून घेणं गरजेचं आहे.

पेन इतकं महत्त्वाचं का?

रॅम कमी असेल तर टॅब थोडा हळू चालतो. पण पेन ओळखण्याची व्यवस्था पडद्यातच नसेल, तर ती नंतर बसवता येत नाही. अपडेट आल्यानेही ती मिळत नाही. बाजारात मिळणारी पेनं दिसायला सारखी असली, तरी त्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे रबरी टोकाचं किंवा पारदर्शक चकती असलेलं साधं पेन. पडद्याला ते बोटच वाटतं. म्हणून ते कुठल्याही मोबाइलवर चालतं, पण पेन कोणतं आणि तळहात कोणता हे पडद्याला कळत नाही. हात अधांतरी ठेवून तासभर लिहिणं कुणालाच जमत नाही. "कुठलंही पेन चालतं" याचा अर्थ बहुतेकदा हेच पेन असतो.

दुसरा प्रकार बॅटरीवर चालणाऱ्या पेनाचा. हे पेन स्वतः सिग्नल सोडतं आणि पडदा तो ओळखतो. २०१५ साली आलेली अ‍ॅपल पेन्सिल या प्रकारातली. शाओमी, वनप्लस यांची पेनंही बॅटरीवरच चालतात. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एकाचं पेन दुसऱ्याच्या टॅबवर सहसा चालत नाही. एकाच कंपनीतही सगळं जुळतंच असं नाही, अ‍ॅपल पेन्सिलचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या आयपॅडसाठी आहेत.

तिसरा प्रकार बॅटरी नसलेल्या पेनाचा. वाकोम या जपानी कंपनीच्या तंत्रावर सॅमसंगचं एस पेन चालतं. पडद्याखाली तारांची बारीक जाळी असते. तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनातल्या कॉइलला ऊर्जा मिळते आणि पेन आपली जागा परत कळवतं. लिहिण्यासाठी पेन चार्ज करावं लागत नाही. मात्र ही जाळी सॅमसंगच्या प्रत्येक टॅबमध्ये नसते. गॅलेक्सी टॅब एस ६ लाइटमध्ये ती आहे आणि पेन खोक्यातच मिळतं. २०२३ मध्ये आलेल्या टॅब ए ९ वर एस पेन चालत नाही. दोन्हींवर नाव एकाच कंपनीचं आहे, त्यामुळे फसगत होते.

फक्त किंमत बघून काय होतं, याचं उदाहरण जुनं आहे. २०११ साली केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा स्वस्त टॅबलेट आणला. त्याची देशभर चर्चा झाली. पण पहिल्या आकाशचा पडदा दाब ओळखणाऱ्या जुन्या प्रकारचा होता. बोट किंवा काडी दाबून चालवायच्या अशा पडद्यावर भराभर लिहिणं अवघडच.

लिहिताना नक्की काय जाणवतं?

तीन गोष्टी. पहिली, तळहात. पडद्यावर हात टेकून लिहिलं तरी फक्त पेनाचीच रेघ उमटली पाहिजे.

दुसरी, उशीर. टोक पुढे गेलं आणि शाई मागून आली की अक्षर बिघडतं. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १२० हर्ट्झचा ८.३ मिलिसेकंदांनी. अ‍ॅपलने २०१९ साली आयपॅड प्रोवर पेन्सिलचा उशीर २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणल्याचं जाहीर केलं होतं. १२० हर्ट्झ असेल तर उत्तम, पण पेन आणि सॉफ्टवेअर चांगलं असेल तर ६० हर्ट्झवरही वर्गातल्या नोट्स निघतात.

तिसरी गोष्ट म्हणजे काच आणि चित्र यांच्यातली फट. काही टॅबमध्ये ही फट जाणवते, शाई टोकापासून किंचित दूर उमटल्यासारखी वाटते आणि टोक टेकताना टकटक आवाज येतो. सवयीने हे चालून जातं, पण बारीक अक्षर असणाऱ्यांना खटकतं.

दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होण्याची सोय मात्र चित्रकारांसाठी महत्त्वाची. नोट्ससाठी तिच्यावर जास्त पैसे घालवायची गरज नाही.

पडदा किती मोठा हवा?

ए४ कागदाचा कर्ण सुमारे १४.३ इंच भरतो. त्याच्या निम्म्या, म्हणजे ए५ कागदाचा १०.१ इंच. म्हणजे १० ते ११ इंचांचा टॅब हा साधारण ए५ वहीएवढा. सरळ लिखाणासाठी तो पुरतो. ए४ पीडीएफ त्यावर लहान दिसतो, पुन्हा पुन्हा मोठा करावा लागतो. ८ इंचांचा टॅब वाचायला हलका, पण लिहायला अपुरा. १२-१३ इंचांचा ऐसपैस असतो, पण महाग आणि जड. रोज सिटीलिंक किंवा एसटीच्या गर्दीतून जाणाऱ्यांसाठी ११ इंचांच्या आसपासचा, साधारण अर्धा किलो वजनाचा टॅब हा व्यवहारी पर्याय ठरतो.

मराठीतून लिहिणाऱ्यांनी काय तपासावं?

हाताने लिहिलेली शाई टॅबसाठी चित्रच असते. त्यामुळे मराठीत नोट्स लिहायला कुठलीच अडचण नाही. प्रश्न येतो तो लिहिलेल्यात शोध घेताना किंवा त्याचं टाइप केलेल्या मजकुरात रूपांतर करताना. इंग्रजीसाठी ही सोय बहुतेक ठिकाणी असते, मराठीसाठी प्रत्येक अ‍ॅपमध्ये असेलच असं नाही. गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी हस्ताक्षर ओळखण्याची सोय आहे. नोट्सच्या अ‍ॅपमध्ये ती आहे का, हे सेटिंगमधल्या भाषांच्या यादीत बघावं. नसेल तर प्रत्येक पानाला मराठीत टाइप केलेलं शीर्षक द्यावं, शोध त्यावर चालतो.

देवनागरी हीच पेनाची चांगली परीक्षाही आहे. अनेक जण आधी अक्षरं काढतात आणि मग शिरोरेषा ओढतात. पेन उचलणं, मागे जाणं, अनुस्वाराचा टिंब देणं सतत चालू असतं. टिंब सुटत असेल किंवा शिरोरेषा अक्षरांपासून सरकत असेल, तर ते पेन भराभर लिखाणाचं नाही. 'ज्ञानेश्वर', 'स्वातंत्र्य', 'संशोधन' हे तीन शब्द नेहमीच्या वेगाने लिहून बघितले की पुरेसं कळतं.

एकूण खर्च किती?

जाहिरातीत दिसते ती टॅबची किंमत. हिशोब टॅब, पेन, कव्हर आणि पेनाची जादा टोकं असा धरायला हवा. उदाहरणार्थ, मार्च २०२५ मध्ये आलेल्या ए१६ चिपच्या साध्या आयपॅडची सुरुवातीची किंमत ३४,९०० रुपये होती. यूएसबी-सी अ‍ॅपल पेन्सिल २०२३ मध्ये ७,९०० रुपयांना आली. दोन्ही मिळून ४२,८०० रुपये, म्हणजे पेनामुळे खर्च एक पंचमांशाहून जास्त वाढतो. गॅलेक्सी टॅब एस ६ लाइट २०२० मध्ये २७,९९९ रुपयांना आला तेव्हा पेन त्यातच होतं. आजच्या किमती वेगळ्या असतील, हिशोबाची पद्धत तीच.

बचतीच्याही जागा आहेत. २०१८ नंतरच्या आयपॅडवर चालणारी इतर कंपन्यांची स्वस्त पेनं मिळतात. खोक्यावरच्या यादीत आपलं मॉडेल असल्याची खात्री करून ती घेता येतात. सिमकार्डवाल्या टॅबऐवजी वाय-फायचा घेऊन मोबाइलचा हॉटस्पॉट वापरता येतो. लिखाणाला जागा कमी लागते, जागा खातात ती व्हिडिओ लेक्चर्स. १२८ जीबी बहुतेकांना पुरतं.

नोट्स तीन-चार वर्षं टिकतील का?

कंपनीचं स्वतःचं नोट्स अ‍ॅप दुसऱ्या कंपनीच्या टॅबवर सहसा उघडत नाही. टॅब फुटला किंवा बदलला तर नोट्स अडकू शकतात. वननोटसारखं मोफत अ‍ॅप अँड्रॉइड, आयपॅड आणि विंडोज तिन्हींवर चालतं. अ‍ॅप कोणतंही असो, दर आठवड्याला पीडीएफ काढून ड्राइव्हवर ठेवण्याची सवय लावावी. टॅबला किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार, हेही विचारावं. पदवी तीन-चार वर्षांची असते.

टॅबवर लिहिलेलं लक्षात राहतं का?

२०१४ साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या अभ्यासात, लॅपटॉपवर टाइप करणाऱ्यांपेक्षा हाताने लिहिणारे विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले. टाइप करणारे ऐकलेलं शब्दशः उतरवत होते. नंतर इतरांनी केलेल्या तशाच प्रयोगांत मात्र इतका स्पष्ट फरक दिसला नाही. २०२४ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतले संकेत मोजले. टाइप करताना दिसला त्यापेक्षा हाताने लिहिताना मेंदूच्या भागांतला संपर्क अधिक व्यापक होता. विशेष म्हणजे त्यात हाताने लिहायला कागद नव्हता, तर टचस्क्रीन आणि डिजिटल पेन होतं. लक्षात किती राहिलं हे त्या प्रयोगात मोजलं नव्हतं. तरी एवढं म्हणता येतं की पेनाने लिहिणं हे टॅबवरही हाताने लिहिणंच आहे.

पण परीक्षा कागदावरच असते. नाशिकमधली अनेक महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही नाशिकमध्येच आहे. लेखी पेपर उत्तरपत्रिकेवर हातानेच सोडवायचे असतात. गुळगुळीत काचेवर वर्षभर लिहिलेल्या हाताला तीन तास बॉलपेन चालवणं जड जाऊ शकतं. म्हणून नोट्स टॅबवर आणि उत्तरांचा सराव कागदावर, ही विभागणी सोयीची.

खरंच कुणाला लागतो?

वैद्यकीय शाखेत आकृत्या आणि जाड पुस्तकांचे पीडीएफ असतात, अभियांत्रिकीत आकृत्या आणि समीकरणं. कीबोर्डने हे होत नाही, तिथे पेनाचा टॅब उपयोगी पडतो. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला रोज वर्ग नसतो, त्याला पीडीएफवर खुणा करता आल्या तरी पुष्कळ. कोडिंग शिकणाऱ्याला आधी लॅपटॉप हवा, कारण टॅब त्याची जागा घेत नाही. कला किंवा वाणिज्य शाखेत वहीवर काम चालत असेल, तर वहीची पानं मोबाइलने स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवणं हा जवळपास फुकटचा पर्याय आहे. त्यात कमीपणा नाही.

दुकानात काय करावं?

• दुकानातल्या डेमो टॅबवर, विकत मिळणाऱ्याच पेनाने लिहून बघा. डेमो नसेल तर दुसरं दुकान गाठा.
• तळहात पूर्ण टेकवून एक परिच्छेद भराभर लिहा. नकोशा रेघा, सुटलेले टिंब शोधा.
• एखादा मोठा पीडीएफ उघडून त्यावर खुणा करा, पानं उलटताना अडखळतो का बघा.
• पेन खोक्यात आहे की वेगळं, आणि या मॉडेलवर कोणतं चालतं, हे बिलाआधी विचारा.
• टोकं नाशिकमध्ये मिळतात का, सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे तपासा.
• पक्कं बिल घ्या, त्यावर टॅब आणि पेनाचं मॉडेल लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, तिथे हे बिल कामी येतं.

घाई नसेल तर पहिलं सत्र वहीवर काढावं. प्राध्यापक फळ्यावर शिकवतात की पीडीएफ पाठवतात, वर्गात टॅब चालतो की नाही, हे तोवर कळतं. मग घेतलेला टॅब गरजेप्रमाणे घेतलेला असतो.