‘टोटल’ म्हणजे सगळे नव्हे

वेल्ह्याच्या एका उतारावर वरकस जमिनीची हद्द कायम मोजणी चालली होती. तिपाईवरच्या यंत्राकडे बोट दाखवून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, “याला टोटल म्हणतात ना? मग हे सगळं मोजतं का?” मी मोजणीच्या खात्यातला नव्हे, नुसता बघ्या. पण त्या प्रश्नाने मला यंत्रांच्या नावांमागे लावले.

आपली जुनी नावे हिशेबातून आली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६, प्रत्येक भाग एक आणा. चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. नाव घेतले की माप कळे.

विजेवर चालणारी यंत्रे आली आणि नावे ठेवण्याचे काम कंपन्यांकडे गेले. सुरुवातीला त्यांनी विद्वत्तेचा आधार घेतला. एरिक बर्गस्ट्रँड यांच्या संशोधनातून स्वीडनच्या एजीए कंपनीने प्रकाशाने अंतर मोजणारा ‘जिओडिमीटर’ काढला. दक्षिण आफ्रिकेत ट्रेव्हर वॅडली यांनी रेडिओलहरींवर चालणारा ‘टेल्युरोमीटर’ घडवला. ‘टेलस’ म्हणजे लॅटिनमध्ये पृथ्वी. पुढे नावे आखूड झाली. वाइल्ड कंपनीचा १९६८चा ‘डिस्टोमॅट’ आणि लायकाचा १९९३चा हातात मावणारा ‘डिस्टो’ ही त्याची उदाहरणे. नाव जिभेवर बसावे, हा त्यामागचा हेतू.

काही नावे तर मालकाच्या हातून निसटतात. इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राला भोरचा वायरमनही ‘मेगर’च म्हणतो. मुळात ते एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स या ब्रिटिश कंपनीचे व्यापारी नाव, मेगओहमवरून बेतलेले.

‘टोटल स्टेशन’चीही गोष्ट तीच. ह्यूलेट-पॅकार्डने १९७०च्या दशकात ‘३८१०ए’ हे यंत्र विकताना हे नाव पुढे आणले. कोन मोजणारा थिओडोलाइट आणि अंतर मोजणारे यंत्र एकाच पेटीत आले, एवढाच ‘टोटल’चा अर्थ. आज कोणत्याही कंपनीच्या तशा यंत्राला हेच नाव आहे.

आता म्हाताऱ्याचे दुखणे सांगतो. उतारावरून दोरी धरून त्याने बांध १०० मीटर मोजला होता, यंत्र ८६.६ मीटर दाखवत होते. जमीन चोरली, असे त्याला वाटले. पण ३० अंशांच्या उतारावर १०० मीटर चाललो, तर आडवे अंतर ८६.६ मीटरच भरते आणि क्षेत्र आडव्या अंतरावरच धरतात. यंत्र तिरके अंतर आणि कोन घेऊन हा हिशेब आपोआप करते. इथवर ते खरे.

पण ५ सेकंद अचूकतेचे यंत्र १०० मीटरवर कोनामुळे जेमतेम अडीच मिलिमीटर चुकते, म्हणून हद्द बरोबरच, असे म्हणता येत नाही. हद्दीचा मूळ दगडच कोणी सरकवला असेल, तर यंत्र त्या चुकीच्या दगडापासून अचूक मोजेल. दगड कोणता खरा, हे जुना नकाशा, शेजाऱ्यांची साक्ष आणि भूकरमापकाचा विवेक ठरवतो. कंपनीच्या नावात यातले काहीच नाही.

२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. नाव ठेवणारा आपल्याला हवे ते त्यात भरतो. तालुक्याच्या नावात इतिहास आहे, यंत्राच्या नावात बाजार. म्हाताऱ्याला मी इतकेच सांगितले, “बाबा, हे सगळं मोजत नाही. दाखवाल तिथूनच मोजतं. तेव्हा आधी दगड नीट बघून घ्या.”