समोरून येणारा पाऊस

पाऊस वरून पडतो, हे पायी चालणाऱ्याचं सत्य. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाला तो समोरून भेटतो. दोन मिलिमीटर जाडीचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येत असतो आणि ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे जात असते. दोन्ही वेग एकत्र धरले, तर चालकाच्या लेखी थेंब उभ्या रेषेपासून ६५ अंशांनी कललेला असतो. म्हणजे जवळजवळ आडवाच! या आडव्या पावसाच्या थेट तोंडावर असतं ते फूटरेस्टवर टेकलेलं पाऊल.

थेंब या वेगाने आदळतो तेव्हा क्षणभर निर्माण होणारा दाब दहा मीटर उंच पाण्याच्या दाबाहूनही जास्त भरतो. एवढ्याशा थेंबात एवढा जोर! त्यापुढे स्पोर्ट्स शूजची जाळी किती टिकणार? पाणी छिद्रात शिरू नये म्हणून पृष्ठताण झगडतो खरा; पण छिद्र जितकं मोठं, तितकी त्याची ताकद कमी. अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र सहा सेंटीमीटरहून उंच पाणी पेलू शकत नाही, मग जाळीवर कितीही चांगला जलरोधक फवारा मारा.

हेच गणित उलट्या दिशेने नेलं की चमत्कार दिसतो. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोअर हे संशोधक टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकच्या कांड्या तापवून ताणत होते. हळूहळू ताणल्या की कांड्या तुटत. शेवटी त्यांनी एक कांडी जोरात हिसकली, आणि ती न तुटता कित्येक पट लांब झाली. त्या ताणलेल्या पदार्थात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली होती, इतकी बारीक की पाण्याचा थेंब त्यांतून जात नाही, पण वाफेचे सुटे रेणू सहज निसटतात. गोअर-टेक्स म्हणून जगभर गाजलेलं अस्तर ते हेच. पाऊस बाहेर राहतो, घाम बाहेर पडतो.

मात्र आपल्या पावसाळ्यात या अस्तराची परीक्षा कठीण असते. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. बुटाच्या आत ३४ अंशांची दमट हवा आणि बाहेर युरोपातली १० अंशांची थंडी असेल, तर हा फरक मोठा असतो. मुंबईत जुलैमध्ये बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा तो निम्म्यावर येतो. तळपाय तर शरीरातल्या सर्वांत दाट घर्मग्रंथींच्या जागांपैकी एक. त्यामुळे महागड्या जलरोधक बुटातही पाय ओलसर राहतो. आणि वरून, घोट्याच्या बाजूने पाणी शिरलं, तर तोच बूट पाणी धरून ठेवणारी बादली बनतो.

वरून येणारं हे पाणी बहुतेक वेळा पँटवरून येतं. रेनपँट बुटात खोचली, की तिच्यावरून ओघळलेलं सगळं पाणी आत उतरतं. ती बुटावरून बाहेर सोडली, तर बाहेरच निथळतं. सुती मोज्याचं टोक पँटच्या ओल्या कडेला लागलं, तरी पाणी धाग्याधाग्याने झिरपत बोटांपर्यंत पोहोचतं.

खरी जोखीम मात्र खालून येते. सिग्नलला गाडी थांबते, उजवा पाय ब्रेकवर राहतो आणि डावा खाली टेकतो. तो कुठे टेकतो? कोरड्या डांबरावर रबराची पकड दोन गोष्टींनी साधते. एक, रबर रस्त्याला अगदी रेणूंच्या पातळीवर चिकटतं. दुसरी, ते खडीच्या खडबडीत दाण्यांवर दबतं, पुन्हा फुगतं, आणि या दबण्या-फुगण्यात खर्च होणारी ऊर्जा घसरण रोखते. पाण्याचा पातळ थर मध्ये आला की पहिली गोष्ट जवळपास संपते, उरते दुसरी. मऊ रबर दाण्यांमध्ये खोल बसतं, म्हणून ते ओल्यातही धरतं. कडक पीव्हीसीचा तळवा वरच्यावर राहतो. झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा किंवा चेंबरचं लोखंडी झाकण यांवर तर दाणेच नसतात. तिथे दोन्ही आधार सुटतात. दीडशे किलोची गाडी तेव्हा एका पायावर तोललेली असते.

आणि पाऊल भिजलंच तर? ओल्या बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या पाणी शोषल्यामुळे पडतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मज्जासंस्था रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि त्यातून त्या पडतात. म्हणूनच मज्जातंतू दुखावलेल्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत. किती अद्भुत आहे हे! पण पाय तासन्‌तास ओला राहिला की बेचक्यांतली कातडी पांढरी पडून चिरते आणि चिखल्या होतात. अशा चिरांमधून तुंबलेल्या पाण्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत या आजाराची लाटच आली होती. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर पाय साबणाने धुवून लवकरात लवकर डॉक्टरांना विचारलेलं बरं.

दुकानात मग काय बघायचं? आधी बूट उलटा करा. तळव्यात अंगठ्याचं नख दाबा. ठसा उमटून परत भरून आला, तर रबर मऊ आहे. खाचा कडेपर्यंत उघड्या हव्यात, म्हणजे दाबलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. नंतर लेस सोडून जीभ उचला. ती दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली असेल, तर समोरचा पाऊस तिथून शिरणार नाही. पुढे जाळी नको, घोटा झाकलेला हवा आणि लेस आत खोचता यायला हवी, कारण लोंबणारी लेस गिअरमध्ये अडकते. गमबूट पाणी अडवतो, पण त्याचा जाड, सैल पुढचा भाग गिअरखाली नीट सरकत नाही. पावसाळी सँडल पटकन वाळते, पण बोटं उघडी ठेवते. कोल्हापुरी चार महिने कपाटातच बरी.

रोज अर्धा-पाऊण तास गाडी चालवणाऱ्याने कोरड्या चपलांचा एक जोड ऑफिसात ठेवावा आणि ओल्या बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. आलेलं पाणी सकाळपर्यंत बाहेर काढता येतं. घसरलेला पाय मात्र परत घेता येत नाही. म्हणून पैसे मोजताना पहिला मान तळव्याला द्या, अस्तराला नंतर.