लेसर यंत्राचे मेज अडते तेव्हा

प्लायवूड, ॲक्रिलिक, पुठ्ठा व कापड लेसर किरणांच्या साहाय्याने कापणारी यंत्रे आता केवळ मोठ्या शहरांतील कारखान्यांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. नावफलक, स्मृतिचिन्हे, देवादिकांच्या चौकटी, लग्नकार्यातील शोभेच्या वस्तू अशा कामांसाठी तालुक्याच्या गावीही एखादा होतकरू तरुण कर्ज काढून असे यंत्र बसवितो. ज्या वायूवर यातील बहुसंख्य यंत्रे चालतात त्या कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध करणारे डॉ. कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ग्रामीण भागात अशी साधने नेण्याचा प्रयोगही महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब चालू आहे.

यंत्र येते, उद्‌घाटन होते, काही महिने काम सुरळीत चालते आणि एके दिवशी यंत्राचे मेज वर चढेनासे होते. येथून खरी अडचण सुरू होते. धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या गावी पुण्याहून अथवा हैदराबादहून तंत्रज्ञ बोलवावयाचा तर त्याचा प्रवासखर्चच दुरुस्तीहून अधिक होतो. तो येईपर्यंत यंत्रावर चादर पडते. यंत्र खाजगी असेल तर कर्जाचा हप्ता थकतो; संस्थेचे असेल तर जडवस्तू नोंदवहीत ‘नादुरुस्त’ असा शेरा पडून पुढे निर्लेखनाच्या प्रस्तावाची वाट धरली जाते. वास्तविक या बिघाडाचे मूळ बहुधा अगदी क्षुल्लक असते व ते शोधण्यासाठी लागणारी हत्यारे गावातच मिळतात. उणीव असते ती क्रमाने विचार करण्याची.

मेज का हलावे लागते

लेसरचा किरण भिंगातून जाऊन एका बिंदूत एकवटतो. या यंत्रांतील नेहमीच्या भिंगाचे नाभीय अंतर सुमारे ५० मिलिमीटर असते. कापावयाच्या पत्र्याचा पृष्ठभाग नेमका त्या बिंदूपाशी आणला तर काप बारीक व आरपार पडतो. दोन-तीन मिलिमीटरांची चूक झाली तरी किरण पसरतो, लाकूड कापण्याऐवजी काळवंडते. जाडी बदलली की पृष्ठभाग पुन्हा त्या उंचीवर आणावा लागतो. यासाठी मेजाच्या चार कोपऱ्यांत चार उभी मळसूत्रे असतात. चौघांच्या पायथ्याशी दातेरी पुल्या बसवून एकच दातेरी पट्टा त्यांच्याभोवती फिरविलेला असतो आणि हा पट्टा एका स्टेपर मोटरने ओढला जातो.

स्टेपर मोटर म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर. पंख्याची मोटर वीज मिळाली की फिरत सुटते. ही तशी नाही. हिच्या स्थिर भागात वेटोळ्यांच्या दोन स्वतंत्र जोड्या असतात व म्हणूनच बाहेर बहुधा चार तारा येतात. दोन्ही वेटोळ्यांतील प्रवाह ठराविक क्रमाने बदलला की आतील दातेरी चुंबकीय भाग एक पाऊल पुढे सरकतो. सर्वसाधारण मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते, म्हणजे प्रत्येक पाऊल १.८ अंशाचे. ‘ड्रायव्हर’ नावाची छोटी पेटी या पावलांचेही भाग करू शकते. एका पावलाचे आठ भाग केले तर फेऱ्याला १,६०० स्पंद लागतात. मोटरीची व मळसूत्राची पुली सारख्याच आकाराची असून मळसूत्र एका फेऱ्यात ४ मिलिमीटर चढत असेल, तर मेज एक मिलिमीटर वर नेण्यास ४०० स्पंद पुरतात. शालेय प्रयोगशाळांतील त्रिमितीय मुद्रकांतही याच जातीच्या, आकाराने लहान मोटरी असतात. त्यामुळे पुढील विवेचन शिक्षकांनाही उपयोगी पडेल.

या रचनेत एक मर्म आहे. नियंत्रक स्पंद पाठवितो, पण मोटर खरोखर हलली की नाही हे त्याला कळत नाही. कार्यालयीन भाषेत सांगावयाचे तर आज्ञा सुटते, अनुपालनाचा अहवाल मात्र परत येत नाही. मेज अडले तरी पडद्यावरील आकडा निर्धास्तपणे पुढे जातो. मध्येच वीज गेली तर हा हिशेबही पुसला जातो. म्हणून वीज परत आल्यावर मेज प्रथम त्याच्या मूळ स्थानी नेल्याखेरीज काम सुरू करू नये.

प्रथम कान, नंतर हात

बिघाड झाल्यावर पेचकस उचलण्याआधी मोटरीचा आवाज ऐकावा. कळ दाबली तरी मोटर पूर्ण निःशब्द असेल व मेजाचा पट्टा हाताने सहज ओढता येत असेल, तर मोटरीपर्यंत प्रवाह पोहोचतच नाही असे समजावे. वीजपुरवठ्याचा फ्यूज, ड्रायव्हरवरील दिवा व सैल झालेली तार पाहावी. मोटर मेज घट्ट धरून आहे पण हलत नाही, असे असेल तर प्रवाह आहे, स्पंद येत नाहीत. अशा वेळी पुष्कळदा लिमिट स्विच दोषी निघतो. मेज टोकाला पोहोचल्याचे हा स्विच सांगतो. त्याच्या पट्टीखाली लाकडाची कपची अडकली तर नियंत्रक मेज टोकालाच आहे असे मानून बसतो. उलट प्रकारही संभवतो व तो अधिक घातक आहे. वर चढणाऱ्या मेजाला थांबविणाऱ्या स्विचची किंवा उंची मोजणाऱ्या सळईची तार तुटली, तर काही यंत्रांत मेज चढतच राहते व भिंगाच्या नळीवर आदळते.

मोटर गुरगुरते, थरथरते, पण फिरत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार होय. चारपैकी एक तार तुटली वा जोडणीत निसटली की एकच वेटोळे जिवंत राहते आणि मोटर जागच्या जागी डोलते. मात्र मेज कोठे अडकले असले तरी हाच आवाज येतो. वर व खाली या दोन्ही कळांनी मेज एकाच दिशेने जात असेल, तर दिशा सांगणारी तार सुटलेली असते. खाली उतरते पण वर चढत नाही, हे मात्र निराळे दुखणे आहे. तेथे जोर कमी पडतो. सकाळी ठीक चालून दुपारी थांबणारे यंत्र ड्रायव्हर तापल्याची खूण देते. आपल्याकडील उन्हाळ्यात, पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर बसलेला असताना, यात नवल नाही. मोटरीला हात लावून ‘ती तापते, म्हणजे जळाली’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. हात ठेववणार नाही इतके तापणे हे या मोटरींच्या बाबतीत नेहमीचेच आहे.

यानंतर यंत्राचे झाकण उघडावयाचे. त्यापूर्वी वीज बंद करून प्लग काढावा व काही वेळ थांबावे. लेसर नळीला वीज देणारा भाग वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब निर्माण करतो व वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक राहू शकतो. त्या कप्प्याला अनभिज्ञ माणसाने हात लावू नये. मेजाच्या दुरुस्तीसाठी त्याची गरजही नसते. दुसरा नियम ड्रायव्हरच्या रक्षणाचा आहे. वीज चालू असताना मोटरीची तार कधीही उपसू नये. वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तुटला की उसळणाऱ्या दाबाने ड्रायव्हर क्षणात निकामी होतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

आता मोटरीच्या पुलीवरून पट्टा उतरवावा व चारही मळसूत्रे एकेक करून हाताने थोडी फिरवून पाहावीत. फिरविण्यापूर्वी पुल्यांवर खडूने खुणा कराव्यात, म्हणजे मेजाची पातळी पुन्हा साधता येते. लाकडाचा धूर, ॲक्रिलिकची वाफ आणि वाहती धूळ ग्रीसमध्ये मिसळून मळसूत्रावर डिंकासारखा लेप तयार होतो. तो पुसून काढला तरी अर्धी यंत्रे चालू लागतील, असे म्हणण्याचा मोह होतो.

मोटरीची परीक्षा सोपी आहे. चारही तारा सुट्या करून दांडा बोटांनी फिरवावा. किंचित टक्‌टक् जाणवून तो फिरला पाहिजे. मग कोणत्याही दोन तारा एकमेकींना जोडून पुन्हा फिरवावा. दांडा एकदम जड झाला तर त्या दोन तारा एकाच वेटोळ्याच्या. उरलेल्या दोन तारांनीही तसेच घडले पाहिजे. मल्टिमीटर असेल तर दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजावा. तो थोड्याच ओहमचा, कधी एका ओहमहूनही कमी असतो, पण दोन्हींचा जवळजवळ सारखा हवा आणि कोणत्याही तारेचा मोटरीच्या धातूच्या अंगाशी संबंध नसावा. या परीक्षेत मोटर उतरली तर नवी मोटर मागविण्याचे कारण राहत नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री व्यवसायाचे निदेशक हे काम अर्ध्या तासात करून दाखवू शकतील.

उरतो ड्रायव्हर. त्यावरील छोट्या स्विचांनी प्रवाहाची मर्यादा व पावलांचे भाग ठरतात. मर्यादा मोटरीवर लिहिलेल्या अँपिअरहून फार कमी असेल तर मेज वर चढताना जोर पुरत नाही. अधिक असेल तर दोघेही तापतात. वेग वाढविला की या मोटरीचा जोर घटतो, हेही ध्यानात ठेवावे. मेज सावकाश चढते पण घाईने चढविताना गुरगुरून थांबते, तेव्हा दुरुस्ती नियंत्रकातील वेग व त्वरण कमी करण्याची असते, मोटर बदलण्याची नव्हे. इतके करूनही शंका राहिली तर वीज बंद करून त्याच बनावटीचा दुसऱ्या अक्षाचा ड्रायव्हर, स्विच जुळवून, तात्पुरता लावून पाहावा.

एका दुकानातील अनुभव

जिल्ह्यातील एका दुकानात प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रकार या संदर्भात सांगण्यासारखा आहे. मेज दोन बोटे चढून गुरगुरत थांबे. यंत्र ज्यांच्याकडून घेतले त्यांनी दूरध्वनीवरूनच मोटर गेल्याचे निदान केले. दुकानदाराने मोटर मागविली, बसविली. मेज पुन्हा दोन बोटांवर थांबले. मग ड्रायव्हर बदलला, तरी तेच. एवढ्यात लग्नसराईचे निम्मे दिवस गेले. शेवटी मेजाच्या चारही कोपऱ्यांची उंची पट्टीने मोजली, तेव्हा मागचा डावा कोपरा पाच मिलिमीटर खाली आढळला. त्या मळसूत्राच्या पुलीचा इवलासा स्क्रू सैल होऊन पुली दांड्यावर नुसतीच फिरत होती. तीन कोपरे चढत, चौथा मागे राही, मेज तिरपे होऊन अडके आणि मोटर बिचारी ओरडे. दोन्ही मोटरी व दोन्ही ड्रायव्हर निर्दोष होते.

पुली आवळण्यापूर्वी पट्टा उतरवून चारही कोपरे समपातळीत आणले, पट्ट्याचा ताण तपासला व मगच स्क्रू घट्ट केला. हा क्रम चुकला तर तिरपेपणा कायमचा होतो. हातासरशी ड्रायव्हरच्या स्विचांची मांडणी, तारांचे रंग व पट्ट्याचा मार्ग कागदावर रेखाटून तो यंत्राच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटविला. संस्थेतील यंत्राबाबत तर हे काम यंत्र सुस्थितीत असताना, ताबा घेतला त्याच दिवशी व्हावयास हवे. कारण बदली होऊन गेलेल्या शिक्षकाबरोबर ही माहितीही जाते.

काढून ठेवलेली जुनी मोटर त्या दुकानदाराने पुसून खोक्यात घातली आणि वर दोन्ही वेटोळ्यांचा रोध व ‘चालू आहे’ एवढे लिहून ती फळीवर ठेवून दिली.